कडक पीव्हीसीचा ५ वर्षांचा क्रीप: एकाच चाचणीतून ५.६ मिमी आणि १३.५ मिमी, यातलं कुठलं धरायचं?

पट्टीवाला

नमस्कार मंडळी. कडक पीव्हीसीचा एक्स्ट्रूड केलेला ब्रॅकेट आहे. एक बाजू भिंतीत पक्की, दुसऱ्या बाजूवर केबलचं वजन, तेही कायमचं. जागा पत्र्याच्या शेडखाली, त्यामुळे हिशेबासाठी तापमान ४० अंश सेल्सिअस धरलं आहे. मुळाशी जास्तीत जास्त ताण ८ मेगापास्कल. मॉड्युलस (कडकपणा) ३ गिगापास्कल धरून साध्या इलास्टिक एफईएत (संगणकावरच्या फायनाइट एलिमेंट गणितात) टोक २.० मिमी झुकतं. ५ वर्षांनी ते ६ मिमीपेक्षा जास्त झुकता कामा नये.

त्याच प्रोफाइलमधून पट्ट्या कापून ८ मेगापास्कल आणि ४० अंशांवर ताणाच्या क्रीप चाचण्या घेतल्या, म्हणजे कायमच्या लोडखाली पट्टी काळाबरोबर किती लांबत जाते ते मोजलं. एक्स्ट्रूडरमधून निघाल्यापासून सगळ्या पट्ट्या ४० अंशांच्या ओव्हनमध्येच होत्या. पहिल्या गटाला २४ तासांनी लोड लावला, दुसऱ्याला ३० दिवसांनी. एकूण स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत वाढ) टक्क्यांत अशी आली:

२४ तासांचा गट: १ तासाला ०.३०५, १० तासांना ०.३५२, १०० तासांना ०.४२९, १००० तासांना ०.५१०.
३० दिवसांचा गट: ०.२८०, ०.२९६, ०.३३३, ०.४०८.

पहिल्या गटावर टाइम हार्डनिंगचा (क्रीपचा वेग लोड लावल्यापासूनच्या काळावर ठरतो असं धरणारा) नेहमीचा पॉवर लॉ बसवला, म्हणजे क्रीप स्ट्रेन = अ × ट^न. १ ते १० तासांचे बिंदू घेतले तर न ०.३४ येतो आणि ५ वर्षांचं झुकणं १३.५ मिमी. १०० ते १००० तासांचे घेतले तर न ०.१८ आणि झुकणं ५.६ मिमी. म्हणजे एक उत्तर सपशेल नापास आणि एक काठावर पास.

दुसरं कोडं असं की मटेरियल तेच, तापमान तेच, ताण तोच, तरी ३० दिवस ठेवलेल्या पट्ट्यांचा १ तासाचा क्रीप ताज्या पट्ट्यांच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. लोड सेल आणि एक्स्टेन्सोमीटर दोन्ही पुन्हा तपासले, चूक सापडली नाही. हे एजिंगमुळे, म्हणजे मटेरियलचं वय वाढल्यामुळे असेल तर ते मॉडेलमध्ये नेमकं कुठे घालायचं?

---

क्रीपमापक

चाचणीत चूक नाही. तुमच्या मॉडेलमध्ये एकच घड्याळ आहे, लोड लावल्यापासूनचं. पीव्हीसीला दोन लागतात. दुसरं घड्याळ प्रोफाइल कॅलिब्रेटरच्या (एक्स्ट्रूडरपुढच्या थंड करणाऱ्या साच्याच्या) पाण्यात ८० अंशांच्या खाली गेलं त्या क्षणी सुरू झालं आणि ते अजून चालूच आहे.

८० अंशांच्या आसपास कडक पीव्हीसीचं काचबिंदू तापमान (ग्लास ट्रान्झिशन, याच्या खाली प्लास्टिक काचेसारखं गोठतं) असतं. तिथून झपाट्याने थंड झालं की साखळ्यांना नीट बसायला वेळ मिळत नाही आणि मटेरियल जरा जास्तीचं आकारमान घेऊनच गोठतं. पुढे महिनोन्महिने, वर्षानुवर्षं ते हळूहळू आकसत बसतं. लोणचं मुरावं तसं मुरतं म्हणा. आकसणं टक्क्याच्या अगदी छोट्या भागाएवढं असतं, पण तेवढ्याने साखळ्यांची हालचाल कितीतरी पटींनी मंदावते. यात रासायनिक बदल काहीच नाही. तीच पट्टी ९० अंशांना तापवून पुन्हा थंड केली की वय पुसलं जातं आणि घड्याळ शून्यावर येतं. ऊन, ऑक्सिडेशन, स्टॅबिलायझर संपणं हा वेगळा विषय, तो यात मिसळू नका.

डेल्फ्टच्या टीएनओ संस्थेतल्या स्ट्रॉइकने हे १९७० च्या दशकात पद्धतशीर मोजलं आणि १९७८ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. त्याची पीव्हीसीची मालिका तुमच्याच तापमानाची आहे: ९० अंशांवरून ४० वर आणलं, तिथेच ठेवलं, आणि सुमारे पाऊण तासापासून १००० दिवसांपर्यंतच्या निरनिराळ्या वयांना क्रीप मोजला. सगळ्या वक्रांचा आकार एकच निघाला. वय वाढलं की तोच वक्र लॉग-टाइमच्या अक्षावर उजवीकडे सरकतो, इतकंच. मॉडेलला यापेक्षा सोयीची गोष्ट नाही.

आता सूत्रं. ड म्हणजे कम्प्लायन्स, स्ट्रेन भागिले ताण. ट म्हणजे लोड लावल्यापासूनचा काळ. व म्हणजे लोड लावतानाचं वय.

छोट्या काळासाठी: ड = ड० × एक्स्प[(ट / ट०)^म]

एक्स्प म्हणजे e चा घात, ड० म्हणजे लोड लावताक्षणीचा ड, आणि ट० म्हणजे क्रीपचा वेग ठरवणारा काळ. यात म बहुतेक काचरूप प्लास्टिकमध्ये १/३ च्या जवळपास असतो. ट० वयाबरोबर वाढतो, व^म्यू च्या प्रमाणात. म्यू म्हणजे शिफ्ट रेट, आणि काचबिंदूच्या बऱ्याच खालपर्यंत तो १ च्या आसपास राहतो. वय दसपट झालं की वक्र जवळजवळ एक दशक, म्हणजे दहापट काळाएवढा, उजवीकडे.

हे सूत्र ट हा व च्या दहाव्या भागापेक्षा लहान असेपर्यंतच खरं. त्यापुढे चाचणी चालू असतानाच पट्टी लक्षणीय म्हातारी होते. तिथे घड्याळातल्या काळाऐवजी परिणामी काळ घ्यायचा, त्याला लॅम्डा म्हणू:

लॅम्डा = [व / (१ − म्यू)] × [(१ + ट/व)^(१ − म्यू) − १]

म्यू बरोबर १ असेल तर लॅम्डा = व × नैसर्गिक लॉग(१ + ट/व). मग वरच्या सूत्रात ट च्या जागी लॅम्डा टाकायचा. मॉडेल एवढंच आहे.

तुमचे आठही आकडे चार पॅरामीटरवर बसतात: ड० = ०.३३३ प्रति गिगापास्कल, म = १/३, २४ तासांच्या वयाला ट० = ४०० तास, म्यू = ०.९. त्यामुळे ७२० तासांच्या वयाला ट० = ४०० × ३०^०.९, म्हणजे साधारण ८,५४० तास. कॅल्क्युलेटरवर करून बघा. ताज्या पट्टीसाठी १००० तासांना लॅम्डा १०९ तास येतो. (१०९/४००) चं घनमूळ ०.६४९, त्याचा एक्स्प १.९१, गुणिले ०.३३३ गुणिले ०.००८ गिगापास्कल, म्हणजे ०.५१ टक्के. तुमच्या वहीत ०.५१०.

आता ५ वर्षं, म्हणजे ४३,८०० तास. २४ तासांच्या वयाला लोड लावलेल्या पट्टीसाठी लॅम्डा फक्त २६९ तास येतो. मटेरियलच्या दृष्टीने पाच वर्षांत अकरा-साडेअकरा दिवसच गेलेले असतात! ड / ड० = २.४०, स्ट्रेन ०.६४ टक्के. ३० दिवस मुरलेल्या पट्टीसाठी लॅम्डा ३,६७६ तास, पण तिचा ट० सुद्धा मोठा आहे, म्हणून ड / ड० = २.१३ आणि स्ट्रेन ०.५७ टक्के.

एक गोष्ट इथे डोळ्यांत भरते. ताज्या आणि मुरलेल्या पट्टीच्या क्रीपचं गुणोत्तर १ तासाला २.९ आहे, १०० तासांना २.४, १००० तासांना १.७ आणि ५ वर्षांनी १.२५ सुद्धा नाही. सुरुवातीचा तीस पटींचा वयाचा फरक दोघांनी पाच-पाच वर्षं काढल्यावर उरत नाही. म्हणून दोन वयांची थोड्या तासांची तुलना करून 'मुरलेला माल तिप्पट चांगला' असं ड्रॉइंगवर लिहू नका.

लोड स्थिर, तापमान सगळीकडे सारखं, ताण रेषीय मर्यादेत, आणि सगळा ब्रॅकेट एकाच वयाचा असेल तर ताणाची विभागणी क्रीपमुळे बदलत नाही. त्यामुळे व्हिस्को एफईए (काळाबरोबर बदलणाऱ्या मटेरियलचं एफईए) करायचीही गरज नाही. इलास्टिक झुकणं गुणिले ड/ड०. ताज्या ब्रॅकेटसाठी २.० × २.४० = ४.८ मिमी, ३० दिवसांच्या ब्रॅकेटसाठी ४.३ मिमी.

तुमचा १३.५ मिमी कुठून आला तेही यातून कळतं. पहिल्या १० तासांत वय फारसं बदलत नाही, म्हणून उतार ०.३४. पुढे एजिंग उतार खाली ओढत जातं. सुरुवातीचा उतार सरळ पुढे ताणणं म्हणजे पट्टी पाच वर्षं २४ तासांचीच राहील असं धरणं. ५.६ मिमी सत्याच्या जवळ आला, कारण १०० ते १००० तासांच्या उतारात एजिंग आधीच मुरलेलं आहे. पॉवर लॉ टाकाऊ नाही. फिंडली या संशोधकाच्या पीव्हीसी आणि पॉलिएथिलिनवरच्या चाचण्या २६ वर्षं चालल्या, निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले, आणि पॉवर लॉ तिथे चांगला टिकला. घातांक कुठल्या कालखंडातून उचलला यावर सगळं अवलंबून आहे.

पण ४.८ वर अजून सही करू नका. दोनच वयांवरून काढलेला म्यू कच्चा असतो. ताज्या पट्टीचा ट० तोच ठेवून म्यू ०.८ धरला तर ५.५ मिमी येतात, १.० धरला तर ४.३. निदान चार वयं मोजा.

---

लिव्हरआर्म

चार वयं मोजायला चार पट्ट्या आणि चार रिग लागत नाहीत. एकाच पट्टीवर ओळीने करता येतं.

पट्टी हवेच्या ओव्हनमध्ये ९० अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा, अंगावर वजन नको. मग थेट ४० अंशांच्या पाण्यात. घड्याळ इथून शून्य. ४ मिमी जाड पट्टीचा गाभा थंड व्हायला मिनिटभर तरी जातो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आतलं वय विश्वासाचं नाही. मग वय १ तास झालं की ६ मिनिटं लोड, ३ तासांना १८ मिनिटं, १० तासांना १ तास, ३० ला ३ तास, १०० ला १० तास, ३०० ला ३० तास. प्रत्येक वेळी लोडचा काळ वयाच्या दहाव्या भागाएवढाच. मधल्या काळात पट्टी मोकळी, पण त्याच तापमानात. पावणेचौदा दिवसांत वयाची अडीच दशकं (१ ते ३०० तास) हातात येतात.

पुढचा लोड लावताना आधीच्या लोडमधून सावरणं थोडं बाकी असतं. लोड लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तो उतार नोंदवा, पुढे वाढवा आणि नव्या वाचनातून वजा करा. हे टाळलं की लांबच्या वाचनात क्रीप कमी दिसतो आणि वक्र एकावर एक बसत नाहीत.

प्रोफाइलमधून कापलेली पट्टी ९० अंशांना तापवली की एक्स्ट्रूजनमधलं खेचलेपण सुटतं. लांबी कमी होते, कधी पट्टी पिळते. तापवण्याआधी आणि नंतर लांबी मोजा. आक्रसणं अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तर ती पट्टी आता तुमच्या ब्रॅकेटचं मटेरियल राहिली नाही. तशा वेळी तापवायचं सोडून द्या आणि लाइनवरून निघाल्याची वेळ लिहून ठेवलेला ताजा माल वापरा. लाइनच्या नोंदीत तारीख पुरत नाही, तास लागतो.

मोजमाप: १० × ४ मिमी छेदाला ८ मेगापास्कल म्हणजे ३२० न्यूटन, साधारण ३२.६ किलो. लोड धक्का न देता ३ ते ५ सेकंदांत लावा आणि पहिलं ग्राह्य वाचन त्याच्या दहापट काळाने, म्हणजे ५० सेकंदांनी. ५० मिमी गेज लांबीवर ०.३ टक्के म्हणजे फक्त ०.१५ मिमी. ०.०१ मिमीचा डायल इथे चालत नाही, त्याची एक रेघ ०.०२ टक्के आहे आणि मुरलेल्या पट्टीचा पहिल्या तासाचा सगळा क्रीप ०.०१३ टक्के. १ मायक्रॉन दाखवणारा एलव्हीडीटी (सरकणं मोजणारा विद्युत सेन्सर) हवा.

पीव्हीसीचं प्रसरण दर अंशाला सुमारे ७० मायक्रोस्ट्रेन असतं. ओव्हन २ अंशांनी हलला की ०.०१४ टक्के, म्हणजे तेवढाच. तापमान अर्ध्या अंशात धरा, आणि शेजारी लोड नसलेली जुळी पट्टी दुसऱ्या एलव्हीडीटीवर लावून तिचं वाचन वजा करा. एजिंगचं आकसणं आणि तापमानाचं डोलणं दोन्ही त्यातच निघून जातं.

शेवटी रेषीयता. ४, ८ आणि १२ मेगापास्कलला, एकाच वयाला, ड काढा. तिन्ही ५ टक्क्यांच्या आत आले तर वरचं सगळं गणित लागू.

---

साचा४०

एवढे दिवस कशाला घालवायचे? ६५ अंशांवर आठवडाभर चाचणी घ्या, ५० आणि ४० वर थोडी थोडी, आणि टाइम-टेंपरेचर सुपरपोझिशनने (जास्त तापमानाचे छोटे वक्र काळाच्या अक्षावर सरकवून जोडण्याने) मास्टर कर्व्ह, म्हणजे एकच लांब वक्र, काढा. ५ वर्षं सहज भरतील.

---

क्रीपमापक

@साचा४०, सुपरपोझिशनचं तंत्र बरोबर आहे, पण इथे ते फसवतं. ६५ अंशांवर क्रीप वेगाने होतो तसं मुरणंही वेगाने होतं. आठवडाभराचा वक्र म्हणजे क्रीप आणि वाढतं वय यांची खिचडी. तो ४० अंशांच्या वक्रावर आडवा सरकवला की टोकं जुळल्यासारखी दिसतात, आणि तिथेच घात होतो. आकार वेगळा असताना जुळवलेले तुकडे पुढच्या दशकांत भलतीकडे नेतात.

तापमान वापरायचंच असेल तर प्रत्येक तापमानाला फक्त छोटे वक्र घ्या, लोडचा काळ वयाच्या दहाव्या भागाच्या आत. ते आधी एका संदर्भ वयावर आणा, मग तापमानाने सरकवा. त्यातून मास्टर कर्व्ह येतो तो न मुरणाऱ्या काल्पनिक पीव्हीसीचा. प्रत्यक्ष ५ वर्षं काढताना लॅम्डा पुन्हा घालावाच लागतो. आणि ७० च्या पुढे जाऊ नका. काचबिंदू इतका जवळ आला की मटेरियल लवकरच समतोलाला पोचतं, मुरणं थांबतं आणि म्यू शून्याकडे उतरतो. तिथला म्यू ४० अंशांना लावणं चूक.

---

पट्टीवाला

खूप आभार. पायथनमध्ये सायपाय या गणिती लायब्ररीने बसवून पाहिलं. ताज्या गटाचे चारही बिंदू घेऊन म मोकळा सोडला तर तो १/३ ऐवजी ०.२३ येतो आणि ५ वर्षांचं झुकणं ११ मिमी. माझं काय चुकतंय?

शिवाय त्याच ब्रॅकेटला एक क्लॅम्प आहे. पीव्हीसीचा कान एम६ बोल्टने दाबलेला. तिथे लोड स्थिर नाही, बोल्टचा ताण हळूहळू उतरेल. त्याला गुणाकाराची युक्ती चालेल का?

---

क्रीपमापक

ताज्या गटाला छोट्या काळाचं सूत्र २.४ तासांपर्यंतच लागू आहे आणि तुम्ही १००० तासांपर्यंत ओढलं. एजिंगचा सगळा परिणाम बिचाऱ्या म ने गिळला, म्हणून तो ०.२३ झाला. बिंदू आणि बसवलेली रेषा यांतली उरलेली चूक बघा, ती विखुरलेली नसेल, कमानीसारखी वाकलेली असेल: मधले बिंदू रेषेच्या वर, टोकाचे खाली. म ०.३ च्या खाली आला की आधी हीच शंका घ्या. ३० दिवसांच्या गटाचे १, १० आणि १०० तासांचे बिंदू घेतलेत तर म ०.३३ येईल.

दोन्ही गट एकत्र बसवा, ट च्या जागी सुरुवातीपासून लॅम्डा वापरा, आणि ड चा लॉग जुळवा. म्यू ला ०.५ ते १.० अशी मर्यादा घाला. बरोबर १.० ला भागाकार शून्याने होतो, तेव्हा कोडमध्ये लॉगच्या सूत्राची वेगळी फांदी ठेवा.

---

मेश_बारीक

क्लॅम्पला गुणाकार चालणार नाही. तिथे स्ट्रेन धरून ठेवलेली आहे आणि ताण उतरतो, बोल्टची आणि वॉशरची स्प्रिंगही मध्ये येते. खरोखरची व्हिस्कोइलास्टिक एफईए करावी लागेल.

अबॅकस या एफईए सॉफ्टवेअरमध्ये मार्ग सरळ आहे. मटेरियलला प्रोनी सीरिज (काळाबरोबर घटणाऱ्या घातांकी टर्मची बेरीज) द्यायची, पण ती लॅम्डाच्या अक्षावर बसवलेली. मग यूटीआरएस या यूझर सबरूटीनमधून शिफ्ट फंक्शन द्यायचं:

शिफ्ट = [(व + ट) / व]^म्यू

सॉफ्टवेअर घड्याळाच्या काळाला या आकड्याने भागून परिणामी काळ जमवतं, म्हणून आकडा मोठा म्हणजे मटेरियल मंद. हा अपूर्णांक उलटा लिहिला तर पट्टी वयाबरोबर मऊ होत जाते, आणि उत्तर दिसायला अगदी गुळगुळीत येतं, शंका येत नाही. इन्क्रिमेंटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन आकडे परत द्यायचे असतात. दोन्हीकडे एकच आकडा भरू नका.

प्रोनीच्या टर्म किती? घड्याळाने ४३,८०० तास असले तरी ताज्या पट्टीचा लॅम्डा २६९ वर थांबतो आणि मुरलेलीचा ३,६७६ वर. दर दशकाला एक टर्म, ०.१ तासापासून १०,००० तासांपर्यंत सहा टर्म पुरतात. सीरिज ठरावीक ट० ची असते, त्यामुळे व बदलला की टर्मचे काळही त्याच प्रमाणात सरकवा. ३० दिवसांच्या मालाला २४ तासांच्या मालाची सीरिज आणि फक्त बदललेला व, ही चूक फार सहज होते.

क्रीपमधून रिलॅक्सेशन (स्ट्रेन धरून ठेवल्यावर ताण उतरणं) काढताना नुसतं १/ड घेऊ नका. लॉग-लॉग आलेखावर ड चा उतार ०.१ असेल तर चूक २ टक्क्यांच्या आत राहते. उतार ०.३ झाला की १/ड खऱ्या रिलॅक्सेशन मॉड्युलसपेक्षा सोळा-सतरा टक्के मोठा येतो, म्हणजे बोल्टचा ताण आहे त्यापेक्षा जास्त टिकेल असं वाटतं. तुमच्या सीरिजच्या शेवटी, लॅम्डाच्या अक्षावर, उतार ०.२९ आहे. क्रीपचे आकडे थेट देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती वापरा.

बाकी फसण्याच्या जागा. मॉड्युलस तात्काळचा आहे की दीर्घकाळाचा, हे इलास्टिकच्या ओळीत स्पष्ट लिहा. ३ गिगापास्कल तुमचा तात्काळचा आहे, आणि तो दीर्घकाळाचा समजला गेला तर सगळा ब्रॅकेट दुप्पट कडक होतो. फक्त शिअरच्या (आकार बदलण्याच्या) टर्म दिल्या आणि बल्कच्या (आकारमान बदलण्याच्या) शून्य ठेवल्या तर पॉयसन रेशो काळाबरोबर ०.५ कडे सरकतो, आणि बोल्टखाली कोंडलेल्या कानात ताण उतरतच नाही. बल्कचं मोजमाप नसेल तर दोन्हीकडे त्याच टर्म द्या, म्हणजे पॉयसन रेशो स्थिर राहतो.

टाइम हार्डनिंगचा तयार क्रीप लॉ वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्यातला ट म्हणजे एकूण काळ, आधीच्या स्टेपसकट. लोड लावायच्या स्टॅटिक स्टेपचा काळ न बदलता १ राहिला आणि एकक तास असेल, तर लोड लावण्यातच एक तास गेला. त्या एका तासातला क्रीप ताज्या पट्टीत पाच वर्षांच्या क्रीपच्या दहाव्या भागाएवढा आहे. लोडची स्टेप ०.००१ तासाची ठेवा.

आणि ब्रॅकेटला हात लावण्याआधी एक एलिमेंट. १० मिमीचा घन, ८ मेगापास्कल ताण, ४३,८०० तास, व = २४. स्ट्रेन ०.६४ टक्के आली तर सबरूटीन बरोबर. १.५ च्या पुढे गेली तर शिफ्ट लागूच झालेली नाही.

---

लिव्हरआर्म

तापमानाबद्दल एक राहिलं. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी ४० वर थांबत नाही. ब्रॅकेट ५५-६० ला गेला तर त्या तासांत ट० बराच खाली येतो आणि क्रीप उसळतो. उलट, थंड झाल्यावर मटेरियल ४० अंशांच्या हिशेबात आधीपेक्षा म्हातारं निघतं. दिवस-रात्रीचं हे चक्र एका व मध्ये बसवता येत नाही, काल्पनिक तापमानावर (फिक्टिव्ह टेंपरेचर, म्हणजे मटेरियलची गोठलेली रचना ज्या तापमानाला समतोलात असती ते) चालणारं मॉडेल लागतं. डिझाइनला सुरक्षित रस्ता असा की ६० अंशांना हीच चाचण्यांची मालिका घ्यायची आणि ५ वर्षं सलग ६० धरून वरची मर्यादा काढायची. ती ६ मिमीच्या आत बसली तर विषय संपला. नाही बसली तर रीब वाढवणं मॉडेल वाढवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

मुद्दाम ओव्हनमध्ये मुरवून माल पाठवायचा विचार असेल तर ४.८ चे ४.३ होतील, पण त्याची किंमत आहे. मुरलेल्या पीव्हीसीची यील्ड स्ट्रेंग्थ वाढते आणि आघात सोसण्याची ताकद घटते. जागेवर ड्रिल मारताना भोकाच्या कडेला तडा जातो तो अशाच मालात. भोकं आधी पाडा, मग मुरवा.

---

साचा४०

पटलं. हेच गणित पॉलिप्रॉपिलीनच्या साच्यातल्या भागांना आणि नायलॉनला लावायचं का?

---

क्रीपमापक

पॉलिप्रॉपिलीनचं काचबिंदू शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते मुरायलाच नको असं वाटतं. प्रत्यक्षात मुरतं. स्फटिकांना चिकटलेला अनाकार भाग जखडलेला असतो, त्याचं काचबिंदू वर सरकलेलं असतं. पद्धत तीच, पण वक्र नुसते आडवे सरकवून नीट बसत नाहीत, उभं सरकवणंही लागतं. म्यू आणि उभी शिफ्ट दोन्ही त्याच तापमानाला मोजा, पीव्हीसीचे आकडे उसने घेऊ नका.

नायलॉनमध्ये आधी पाणी बघा. साच्यातून निघालेल्या कोरड्या भागाचं काचबिंदू ५०-६० अंशांवर असतं, पावसाळ्याची हवा प्यायल्यावर ते खोलीच्या तापमानाच्या खाली जातं. मुरण्याने जेवढा क्रीप कमी होतो त्याच्या कितीतरी पट ओलाव्याने वाढतो. पट्ट्या आधी ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, आणि चाचणीभर तीच आर्द्रता धरा.